सनद आधी की नोकरी?

प्रश्न : लातूरला तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एका फायनान्स कंपनीत लीगलची नोकरी मिळतेय आणि घरी पगाराची गरज आहे. पण मला दिवाणी न्यायाधीश व्हायचंय. नोकरी करत तयारी केली तर चालेल का?

उत्तर : अभ्यास होईल, पण पात्रता अडेल. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली सक्तीची केली. कंपनीत पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलच्या (वकिलांच्या नियामक संस्थेच्या) नियमानुसार वकिली थांबवावी लागते, त्यामुळे ती वर्षं मोजली जात नाहीत. न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं काम मात्र धरतात.

ही तीन वर्षं बार कौन्सिलकडच्या तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, अखिल भारतीय बार परीक्षा पास झाल्यापासून नाही. तेव्हा एलएल.बी.चा निकाल लागताच सनदेचा, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा, अर्ज करा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निकालानुसार नोंदणीचं कायदेशीर शुल्क खुल्या प्रवर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये आहे.

नुसती सनद घेऊन भागत नाही. तीन वर्षं वकिली केल्याचं प्रमाणपत्र प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचं किंवा किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचं लागतं; वकिलाचं असेल तर त्यावर त्या अधिकाऱ्याचा दुजोरा हवा. बरेच ज्युनियर इथेच अडकतात. वर्षभर तारखा घेतात, अर्ज लिहितात, पण वकीलपत्रावर नाव फक्त सिनियरचं. पहिल्याच आठवड्यात सिनियरशी मोकळेपणाने बोला आणि वकीलपत्रावर तुमचंही नाव, सही आणि सनद क्रमांक येऊ द्या. मग ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर तुमच्या नावाने शोधल्यावर प्रकरणं दिसू लागतील. हजेरी रोजनाम्यात (न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) लागली का, हे संध्याकाळी पाहा आणि प्रकरण क्रमांक, तारीख, काय काम केलं याची वही ठेवा.

पैशाचं म्हणाल, तर बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये ज्युनियरला शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असं सुचवलंय. ती शिफारस आहे, सक्ती नाही, म्हणून आकडा आधीच ठरवून घ्या. ज्युनियरने पैशाचं विचारू नये ही समजूत चुकीचीच आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवा : सहायक लोकअभिरक्षक (आरोपींचा मोफत बचाव करणारा वकील) या मानधनाच्या पदासाठी शून्य ते तीन वर्षं अनुभवाचे फौजदारी वकील घेतात.

एवढ्यानेही घर चालणार नसेल तर नोकरी खुशाल घ्या, न्यायाधीशपद थोडं लांबेल इतकंच. फक्त सनद स्थगित केल्याचं बार कौन्सिलला लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा, परत वकिलीत येताना ती लागेल.