अठरा पूर्ण झाले, आता कामाचं काय? (वाचकांचे प्रश्न)

अमेरिकेतल्या मराठी वाचकांची या वेळी बरीच पत्रं एकाच विषयावर आलीत. बाल न्यायालयात केस झालेली मुलं, फोस्टर केअरमधली मुलं (स्वतःच्या घरी राहता येत नाही म्हणून सरकारनं दुसऱ्या कुटुंबात किंवा संस्थेत ठेवलेली) आणि त्यांना कामाला लावणारे सरकारी प्रोग्राम. त्यातली तीन घेतलीत, नावं गाळून. मी स्वतः याच कामात आहे त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

प्रश्न: ताई नमस्कार. ओहायोत माझं छोटं वेअरहाऊस आहे, आठ-दहा माणसं आहेत. अमेरिकन जॉब सेंटरवरून (नोकरी शोधायला मदत करणारं सरकारी केंद्र) फोन आला की १७ वर्षांचा एक मुलगा आहे, ज्युवेनाईल डिटेन्शनमधून, म्हणजे मुलांच्या कोठडीतून, बाहेर आलाय, काही महिने कामाला घ्याल का, पगार आम्ही देऊ. माझी तयारी आहे पण घरी सगळे म्हणतात कशाला नसती रिस्क. चोरीबिरी झाली तर? आणि त्याच्याशी बोलायचं तरी काय?

उत्तर: दादा, घ्या त्याला. पण आधी हा पगार कुठून येतो ते समजून घ्या म्हणजे घरच्यांनाही सांगता येईल. २०१४ मध्ये विओआ (WIOA) नावाचा, नोकरी आणि कामाच्या प्रशिक्षणासाठीचा केंद्राचा कायदा झाला, त्यात १४ ते २४ वयाच्या मुलांसाठी वेगळा निधी आहे आणि त्यातला किमान २० टक्के पैसा मुलांच्या प्रत्यक्ष कामाच्या अनुभवावरच खर्च करावा लागतो. म्हणजे हे कुणी तुमच्यावर उपकार करत नाहीये आणि तुम्ही पण धर्मादाय करत नाही आहात, हा रीतसर करार आहे, त्यात किती तास, कुठलं काम, देखरेख कोण करणार हे सगळं लिहिलेलं असतं. सही करायच्या आधी नीट वाचा आणि वर्कर्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामावर इजा झाली तर भरपाई देणारा विमा, कुणाच्या नावावर आहे ते स्पष्ट विचारून घ्या.

चोरीची भीती वाटणारे तुम्ही पहिले नाही. पुढे तुम्ही त्याला स्वतःच्या पगारावर ठेवलंत तर फेडरल बॉन्डिंग प्रोग्राम आहे, १९६६ पासून चालू आहे, पहिले सहा महिने कामगाराकडून चोरी किंवा अफरातफर झाली तर नुकसान भरून मिळतं, साधारण ५,००० डॉलरचा बॉन्ड असतो, काही वेळा २५,००० पर्यंतही जातो, आणि तुम्हाला एक पैसा भरावा लागत नाही. जॉब सेंटरवाले स्वतःहून सांगतीलच असं नाही, तुम्हीच विचारा.

खरी काळजी करायची ती वेगळ्याच गोष्टीची. तो १७ चा आहे, त्यामुळे फोर्कलिफ्टला त्याने हात लावायचा नाही. केंद्राच्या कायद्यानं १८ च्या आतल्या मुलाला फोर्कलिफ्ट चालवता येत नाही आणि वेअरहाऊसमध्ये गडबडीच्या वेळी कुणीतरी पटकन म्हणतंच, अरे तेवढं पॅलेट हलव ना. तुमच्या सगळ्या माणसांना पहिल्याच दिवशी हे सांगून ठेवा.

आता बोलायचं काय. त्यानं काय केलं होतं ते विचारू नका. बाल न्यायालयाचा निकाल बहुतेक राज्यांत मोठ्यांच्या शिक्षेसारखा गुन्हा सिद्ध झाल्याचा निकाल धरत नाहीत आणि कित्येकदा ते रेकॉर्ड सील होतं, पण कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा, त्या मुलानं ती गोष्ट पोलिसांना, वकिलाला, जजला, प्रोबेशन ऑफिसरला (कोर्टातर्फे देखरेख करणारा अधिकारी), काउन्सेलरला सांगून झालीये, आता कामाच्या जागी तरी त्याला नुसतं नवीन आलेला पोरगा म्हणून राहू द्या. तुमच्या माणसांनाही त्याची केस सांगू नका. मदत करायच्या चांगल्या हेतूनंच सांगितलं जातं आणि मग एखादा स्कॅनर सापडला नाही की सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला वळतात.

काम मात्र बारीकसारीक शिकवा, अगदी तुम्हाला वेडेपणाचं वाटेल इतकं. उशीर होणार असेल तर फोन कुणाला करायचा, सुट्टी कशी मागायची, ब्रेक किती मिनिटांचा. बऱ्याच मुलांनी घरात रोज कामावर जाणारं माणूस बघितलेलंच नसतं. पहिल्या महिन्यात तो दोन-तीनदा गैरहजर राहील हे धरून चाला, कारण कोर्टाची तारीख किंवा प्रोबेशनची मीटिंग कामाच्या वेळेतच येते आणि ते सांगायची लाज वाटते म्हणून तो न सांगता गायब होतो. अशा वेळी नाव काढून टाकू नका, त्याच दिवशी प्रोग्राममधल्या त्याच्या केस मॅनेजरला फोन करा. तिचा किंवा त्याचा थेट नंबर आधीच मागून ठेवा, ऑफिसचा नको.

प्रश्न: ताई, आम्ही फोस्टर पालक आहोत. आमच्याकडची मुलगी लवकरच १८ ची होईल. एका दुकानात पार्ट टाइम काम करते, हुशार आहे, पण म्हणते की १८ झाले की सिस्टीमचा एक कागदही नको, मी माझी राहीन. आम्ही तिला अडवतोय असं तिला वाटतं. काय करू?

उत्तर: तिचं म्हणणं मला मनापासून समजतं. शाळेच्या सहलीला जायलाही ज्या मुलीला सोशल वर्करची सही लागली असेल तिला सुटकाच हवी असणार. तेव्हा वाद नका घालू, तिच्यापुढे हिशोब ठेवा.

२००८ च्या फेडरल कायद्यामुळे राज्यांना २१ वर्षांपर्यंत केअर वाढवायला पैसे मिळतात आणि पुष्कळ राज्यांनी ते केलंय. त्यासाठी शिकत असणं किंवा ट्रेनिंगमध्ये असणं चालतंच पण महिन्याला ८० तास काम असेल तरी चालतं, म्हणजे तिची ती दुकानातली नोकरी इथे उपयोगी पडते. काही ठिकाणी यात मुलं स्वतंत्र खोली घेऊन राहतात आणि भाड्याला मदत मिळते, तिला हवं असलेलं स्वातंत्र्य त्यातही मिळू शकेल. बऱ्याच राज्यांत बाहेर पडून पुन्हा येताही येतं, तुमच्या राज्याचा नियम काय ते वर्करकडून लेखी घ्या.

ती तरीही बाहेर पडली तर निदान हातात कागद असू द्या. जन्माचा दाखला, सोशल सिक्युरिटी कार्ड, फोटो आयडी किंवा लायसन्स, मेडिकल रेकॉर्ड, इन्शुरन्सची माहिती. सहा महिने किंवा जास्त केअरमध्ये राहिलेल्या मुलाला जाताना हे देणं एजन्सीवर बंधनकारक आहे. नोकरी देताना ओळख आणि कामाची परवानगी तपासणाऱ्या आय-९ फॉर्मसाठी लागणारे कागद नाहीत म्हणून मिळालेली नोकरी हातातून जाते, हे फार होतं आणि त्याचा मला फार राग येतो. १४ वर्षांपासून दरवर्षी तिचा क्रेडिट रिपोर्ट (नावावरच्या कर्जांची आणि कार्डांची नोंद) काढून द्यायला हवा होता, तो मागा, कारण मुलांच्या नावावर दुसऱ्याच कुणीतरी कार्ड काढलेलं निघतं. मेडिकेड, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, वयाच्या २६ पर्यंत मिळतं. आणि फोस्टर केअरमधल्या मुलांच्या शिक्षणासाठी चेफी व्हाउचर आहे, वर्षाला ५,००० डॉलरपर्यंत, कॉलेजबरोबर ट्रेड स्कूललाही चालतं.

आणि तिला एक सांगा, की १८ नंतरही या घराची किल्ली तिच्याकडेच राहील. तुमचा खरंच तसा विचार असेल तरच सांगा.

प्रश्न: मी सोशल वर्क शिकतेय, इंटर्नशिप अशाच प्रोग्राममध्ये आहे. फोस्टर मुलं आणि केस झालेली मुलं एकत्र का ठेवतात? फोस्टर मुलांवर उगाच शिक्का नाही का बसत?

उत्तर: तुला वाटतात तेवढे हे दोन गट वेगळे नाहीत गं. ग्रुप होममध्ये, म्हणजे जिथे बरीच फोस्टर मुलं स्टाफच्या देखरेखीत एकत्र राहतात तिथे, दोन पोरांची मारामारी झाली की स्टाफ पोलिसांना फोन करतो, घरात झाली असती तर आईनं दोघांना दोन खोल्यांत बसवलं असतं. अशी कितीतरी फोस्टर मुलं थेट ज्युवेनाईल कोर्टात पोचतात, आणि उलट डिटेन्शनमधून सुटलेल्या मुलाला घरी न्यायला कुणी येत नाही म्हणून तो फोस्टर केअरमध्ये जातो. कागदोपत्री दोन फाईली, मूल एकच. आणि दोघांनाही काम शोधताना सारखंच अडतं, ओळख देणारं माणूस नाही, पत्ता पक्का नाही, गाडी नाही.

एकत्र ठेवणं चांगलंही चालू शकतं. १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये तरुण मुलांनी एक पडीक इमारत दुरुस्त केली, त्यातून पुढे यूथबिल्ड उभं राहिलं. त्यात १६ ते २४ ची मुलं काही दिवस वर्गात शिकतात आणि काही दिवस घरं बांधतात. तिथे कोण कुठून आलं याच्यापेक्षा भिंत सरळ आली का याचीच जास्त चर्चा होते. पण नुसते रेझ्युमे लिहून घेणाऱ्या वर्गात सगळ्यांना बसवलं तर मात्र तू म्हणतेस तसा शिक्का बसतो, हे मान्य.

माझी तक्रार दुसरी आहे. किती मुलांना नोकरी लावली हे प्रत्येक प्रोग्राम अभिमानानं सांगतो, पण टिकली किती हे विचारल्यावर फाईल शोधायला लागतात. विओआमध्ये प्रोग्राम संपल्यावर किमान १२ महिने फॉलो-अप करायचाच असतो, आणि बाहेर पडल्यानंतरच्या दुसऱ्या आणि चौथ्या तिमाहीत मूल कामात किंवा शिक्षणात आहे का हे मोजलं जातं. प्रत्यक्षात एका केस मॅनेजरकडे इतकी मुलं असतात की फॉलो-अप म्हणजे व्हॉइसमेल ठेवणं आणि तशी नोंद करणं. मुलाचा नंबर तोपर्यंत बदललेला असतो. पहिला पगार झाल्यावर, पहिल्यांदा बॉस ओरडल्यावर, रूममेटनं भाडं बुडवल्यावर मुलाला एक ओळखीचा आवाज लागतो आणि नेमकी तेव्हाच फाईल बंद झालेली असते.

तर इंटर्नशिपमध्ये चौथ्या तिमाहीचे आकडे बघायला माग. आणि ज्या मुलांचे फोन लागत नाहीत त्यांची यादी घेऊन, सुपरवायझरला विचारून, एकेकाला शोधायला सुरुवात कर. आधी त्यांच्या शेवटच्या मालकाला फोन लाव, बऱ्याचदा त्यालाच नवीन नंबर माहीत असतो.