वाचकांचे प्रश्न: आवाज सुधारायचा, तर पैसे आधी कशावर घालायचे?

प्रश्न (नाशिक): माझ्याकडे 40 वॅटचा स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि 5 इंची वूफरचे छोटे स्पीकर आहेत. ते सध्या टीव्हीच्या युनिटमध्ये बसवलेत. खोली 12 बाय 10 फूट, स्लॅब 10 फुटांवर. 60 हजार रुपये बाजूला काढलेत. दुकानदार म्हणतो, आधी डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅम्प्लिफायरला चालेल असा संकेत करणारं यंत्र) आणि भारी केबल घ्या. मित्र म्हणतो, 100 वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घे. मी ऐकतो मुख्यतः शास्त्रीय गायन आणि जुनी भावगीतं. आधी काय बदलू?

उत्तर: दोघांचंही ऐकू नका. आधी स्पीकर युनिटमधून बाहेर काढा. पैसे खर्च करायचे ते त्यानंतर, आणि तेही स्पीकरवरच.

कारण साधं आहे. डॅक आणि अ‍ॅम्प्लिफायर विजेची वीजच करतात, आणि ते काम आता बेताच्या किमतीतली यंत्रंही जवळपास निर्दोष करतात. 20 ते 20,000 हर्ट्झमध्ये त्यांच्या पातळीत एका डेसिबलचाही फरक पडत नाही. स्पीकरला मात्र विजेची हालचाल करायची असते, कागदाचा किंवा प्लास्टिकचा कोन हलवून हवा ढकलायची असते. चांगल्या स्पीकरची पातळीसुद्धा अधिक-उणे 3 डेसिबलमध्ये राहिली तरी खूप झालं. तोच स्पीकर तुमच्या खोलीत आणला, की 300 हर्ट्झच्या खाली 10-15 डेसिबलचे चढउतार सहज दिसतात. एवढा खड्डा समोर असताना डॅक बदलून काय मिळणार?

वॅटचंही तसंच. 40 वरून 100 वॅटवर गेल्यावर आवाज वाढतो जेमतेम 4 डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे एका वॅटला एक मीटरवर मिळणारा आवाज, 86 डेसिबल असेल तर एवढ्या खोलीत, घरातल्यांशी भांडण न होता ऐकायला सरासरी एखादा वॅट पुरतो. बाकीचे तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक उसळीसाठी. स्पीकर 4 ओहमचे आणि 83-84 डेसिबलचे असते, किंवा हॉल 20 फुटी असता, तर मित्राचं म्हणणं विचारात घेतलं असतं.

केबलसाठी 1.5 चौरस मिलिमीटरची बहुतारी तांब्याची वायर घ्या. पाच मीटर लांबीला, जाऊन-येऊन, तिचा रोध सुमारे 0.13 ओहम भरतो. 6 ओहमच्या स्पीकरवर त्यामुळे 0.2 डेसिबल जातात. ते ऐकू येत नाहीत. फसगत दुसरीकडे होते: बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर 'कॉपर' म्हणून विकली जाते. एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरी निघाली, तर ठेवून द्या.

आता मांडणी. स्पीकर 10 फुटी भिंतीकडे घ्या, म्हणजे ते 12 फुटांच्या दिशेने वाजतील. दोघांत 6 फूट अंतर, बाजूच्या भिंतीपासून वूफर 2 फूट, मागच्या भिंतीपासून स्पीकरचा दर्शनी भाग दीड फूट. वूफरची जमिनीपासून उंची अडीच फुटांच्या आसपास ठेवा. ही तीन अंतरं मुद्दाम वेगवेगळी आहेत. भिंतीवर आपटून आलेला आवाज मूळ आवाजाला काही ठिकाणी मारतो, आणि तो खड्डा कुठे पडेल हे अंतरावर ठरतं: दीड फुटाला सुमारे 187 हर्ट्झ, 2 फुटांना 140, अडीच फुटांना 112. तिन्ही अंतरं 2 फूट ठेवलीत तर तिन्ही खड्डे 140 वर एकत्र पडतील. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज 139 हर्ट्झच्या जवळ असतो. गवयाचा सा पोकळ लागला, तर दोष बऱ्याचदा भिंतीचा असतो.

खुर्ची स्पीकरमागच्या भिंतीपासून साडेसात फुटांवर घ्या. पाठ भिंतीला टेकवून बसू नका, तिथे खर्ज फुगतो. ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा भाग, कानाच्या रेषेत हवा. खुर्चीवर बसलात तर कान साधारण 3 ते सव्वातीन फुटांवर असतात, सतरंजीवर मांडी घालून बसलात तर अडीच फुटांच्या आत. भारतीय बैठकीच्या घरात तयार स्टँड हमखास उंच पडतात. वेल्डरकडून हव्या त्या उंचीचे करून घ्या आणि पाइपात कोरडी वाळू भरा. उंची कमी केलीत की वूफरही खाली येतो, तेव्हा वरची तीन अंतरं पुन्हा मोजा.

शेवटी एकाच गायकाचं, कमी वाद्यांचं ध्वनिमुद्रण लावा. आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधून, एका बिंदूतून यायला हवा. तो पसरलेला आणि पातळ वाटला तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट लागल्यात का ते पाहा. ही चूक वाटते त्यापेक्षा फार जास्त घरांत सापडते.

एवढं करून आठवडाभर ऐका. मग 60 हजारांतले 40-45 स्पीकरवर, बाकी स्टँड, जाड पडदे आणि गालिच्यावर. दुकानात तुलना करताना दोन्ही जोड्यांची पातळी फोनवरच्या मीटरने सारखी करून घ्या. अर्ध्या-एक डेसिबलने मोठा वाजणारा स्पीकर नेहमी 'चांगला' वाटतो, आणि हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

प्रश्न (रत्नागिरी): 10 बाय 10 च्या खोलीसाठी सबवूफर आणला, तो कोपऱ्यात ठेवलाय. खर्ज वाढला, पण सगळा एकसुरी घुमतो. डग्ग्याचा प्रत्येक ठोका सारखाच वाटतो. भिंतीला फोम लावू का? की सबवूफर बदलू?

उत्तर: स्लॅबही 10 फुटांवर असेल, आणि बहुधा आहेच, तर तुमची खोली घनाकार आहे. खर्जासाठी याहून वाईट आकार नाही. ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर, खोलीची बाजू 3.05 मीटर. वेगाला बाजूच्या दुपटीने भागा: 56 हर्ट्झ. लांबी, रुंदी, उंची तिन्हींत हीच कंपनसंख्या अडकते, पुढची 112 वर. सबवूफर काहीही वाजवो, खोली 56 च्या आसपासचंच धरून ठेवते. डग्ग्यावर मनगट दाबून घसीट घेतलेली ऐका. सूर सरकत जाताना एका जागी एकदम फुगतो आणि पुढे गळतो. तो फुगवटा तबलजीचा नाही.

फोम आणि अंड्यांचे ट्रे इथे निरुपयोगी. 56 हर्ट्झची तरंगलांबी 6 मीटर. दोन इंची फोम ती शोषत नाही, वरचे सूर मात्र खातो. आधीच घुमणारी खोली मग घुमणारी आणि मंद अशी दोन्ही होते.

सबवूफर उचलून तुमच्या बसायच्या जागी ठेवा. वर-खाली जाणारा खर्ज असलेलं काही लावा आणि तुम्ही भिंतीकडेने, गुडघ्यांवर, सबवूफरच्या उंचीवर कान ठेवून फिरा. घरचे हसतील, हसू द्या. ज्या जागी सगळे ठोके जास्तीत जास्त समान ऐकू येतात, तिथे सबवूफर न्या. ती जागा कोपरा क्वचितच असते. बसायची जागा खोलीच्या ऐन मध्यावर नको, कारण तिथे 56 जवळजवळ नाहीसा होतो, आणि भिंतीला चिकटूनही नको. क्रॉसओव्हर (ज्या हद्दीखालचे सूर सबवूफरकडे जातात ती) 80 हर्ट्झवर ठेवा, फेजचं बटण दोन्हीकडे करून पाहा आणि ज्या बाजूला 80 च्या आसपास आवाज भरीव वाटेल तिथे राहू द्या. मग व्हॉल्यूम तुम्हाला आवडतो त्याहून थोडा खाली आणा. सबवूफर आहे हे कळता कामा नये.

तरी राहिलं, तर मोजमापाचा यूएसबी मायक्रोफोन आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. जिथे उंचवटा दिसेल तिथे इक्वलायझरने अरुंद काप घ्या. खड्डा मात्र भरू नका: तिथे जेवढी शक्ती ओताल तेवढीच परावर्तनाने मारली जाते आणि वूफर फुकट थकतो. नवा सबवूफर घेण्याचं कारण नाही. पुढे कधी दुसरा तसाच मिळाला तर समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन ठेवा. घुमणं त्याने खरोखर कमी होतं.

प्रश्न (कोल्हापूर): आजोबांच्या नाट्यसंगीताच्या रेकॉर्ड सापडल्या. काही एलपी, काही जड 78 च्या (मिनिटाला 78 फेरे). बॅगेच्या आकाराचा प्लेअर घेतला, पण आवाज पत्र्यासारखा येतो. स्पीकर बाहेरून जोडावा का?

उत्तर: इथे मात्र उगम आधी बदला. सुई ही स्पीकरची उलटी बाजू: हालचालीची वीज करते. म्हणून तिथली चूक पुढचं कोणतंही यंत्र दुरुस्त करत नाही. बॅगवाल्या प्लेअरमध्ये बहुतेक सिरॅमिक कार्ट्रिज (सुई धरून तिच्या हालचालीची वीज करणारा भाग) असतं आणि ते 5 ग्रॅमच्या आसपास भार टाकतं. त्यावर एलपी वाजवत राहिलात तर खाचांतले वरचे सूर कायमचे झिजतात.

मागे सरकणारं वजन आणि बदलता येणारं चुंबकीय कार्ट्रिज असलेला टर्नटेबल घ्या. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम95ई सारख्या कार्ट्रिजला 2 ग्रॅम भार लागतो. डिजिटल वजनकाट्यावर मोजा, अंदाजाने नको. भार कमी पडला तर सुई खाचेत नाचते आणि 'स' फाटतो. 1.8 ग्रॅमच्या खाली जाऊन रेकॉर्ड वाचत नाही, उलट जास्त खराब होते. कार्ट्रिज काही मिलिव्होल्टच देतं, तेव्हा अ‍ॅम्प्लिफायरला 'फोनो' इनपुट नसेल तर वेगळा फोनो प्रीअँप घ्यावा लागेल. साध्या इनपुटला जोडलंत, तर पुन्हा तोच पत्रा. अशी लंबगोल सुई सुमारे 300 तास वाजवून बदला.

78 साठी सुई वेगळीच हवी. एलपीची सुई 0.7 मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), 78 ची 3 मिलची. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाला धूळ खरवडत जाते आणि ऐकू येते ती फक्त खरखर. त्या रेकॉर्ड लाखेच्या असतात, त्यांना स्पिरिट किंवा कुठलंही अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते. बुरशी असेल तर शुद्ध पाणी, भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब आणि मऊ फडकं, खाचांच्या दिशेने. लेबल कोरडं राहू द्या. 1954 च्या आधीच्या रेकॉर्ड आजच्या ठरावीक इक्वलायझेशनवर (मुद्रण करताना खर्ज-ट्रेबल कमीजास्त करण्याच्या प्रमाणावर) केलेल्या नाहीत, त्यामुळे आवाज मंद वाटला तर ट्रेबल वाढवायला अजिबात संकोच नको.

प्रश्न (म्हापसा): 1990 च्या सुमाराचे लाकडी स्पीकर आहेत. वूफरभोवतीचा फोम हात लावला की चुरा होतो. टाकू का?

उत्तर: टाकू नका. फोमची रिंग दमट हवेत 15-20 वर्षांत विरतेच, कोकण-गोव्यात आधीच. नवी रिंग बसेपर्यंत ते वाजवू नका, कोनामागची कॉइल (तारेचं वेटोळं) घासून जळेल. बोटं कोनाच्या कडेला समोरासमोर ठेवून अलगद आत दाबा. खरडल्यासारखं लागलं नाही तर कॉइल शाबूत आहे. कोनाचा आणि चौकटीचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून रबरी रिंग मागवा. चिकटवण्याआधी मधली टोपी काढून कॉइलभोवती कागदाच्या पट्ट्या घाला, म्हणजे ती मध्यावर राहील. गोंद 24 तास सुकू द्या. सोबत क्रॉसओव्हरमधले (स्पीकरच्या आत सूर वूफर-ट्वीटरमध्ये वाटणाऱ्या सर्किटमधले) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर त्याच मायक्रोफॅरडचे नवे घाला, कारण ते सुकलेले असणार. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोडला ते मिळतात. नव्या स्वस्त स्पीकरपेक्षा हे बहुधा चांगले वाजतील.

प्रश्न (ठाणे): ब्लूटूथ की वायर?

उत्तर: वायर, पण झोप उडवण्याएवढा फरक नाही. साधा एसबीसी (आवाज दाबून पाठवण्याची ब्लूटूथची मूळ पद्धत) ब्लूटूथ सेकंदाला जास्तीत जास्त 328 किलोबिट पाठवतो, सीडी 1411. आधी अ‍ॅपमधली गुणवत्ता 'ऑटो'वरून सर्वात वर करा.

प्रश्न (सोलापूर): कॉम्प्युटर जोडला की स्पीकरमधून सतत 'हुं' येतो. अ‍ॅम्प्लिफायरची अर्थिंगची पिन काढली की थांबतो.

उत्तर: पिन आजच परत लावा. आत कधी दोष झाला तर अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीला वीज येईल. दोन्ही यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. तरी राहिला, तर ऑडिओ केबलच्या मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका.