शाळा बंद पडेल म्हणून ताप लपवणारा मुलगा

"ताई, शाळा वाचवायला आम्ही सगळे लागलोय, पण त्यात आमच्या पोराचं काही बिघडत तर नाही ना?" असं हल्ली गावाकडचे पालक विचारतात, म्हणून एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

इंदूरला रामबागेत माझ्याकडे समुपदेशनाला एक जोडपं आलं, महूच्या पुढच्या गावातलं मराठी शेतकरी कुटुंब, पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. सोबत तिसरीतला मुलगा. रोज सकाळी पोट दुखतं, रात्री दचकून उठतो, डॉक्टरांना काहीच सापडलं नाही. वडील शाळा समितीचे अध्यक्ष. गावची प्रायमरी दुसरीकडे मर्ज होणार असं कळल्यापासून घरी रोज रात्री मीटिंग, ज्ञापन म्हणजे निवेदन लिहिणं, मंगळवारी कलेक्टर ऑफिसात जनसुनवाईला, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे, जाणं. ही शाळा गावानं मागून घेतलेली, 1997 मध्ये सुरू झालेल्या शिक्षण गारंटी योजनेतली, तेव्हा आदिवासी भागात 25 मुलं दाखवून मागणी केली की सरकार 90 दिवसांत शाळा द्यायचं, आणि ती 25 नावं मुलाच्या आजोबांनी पाड्यावर घरोघरी फिरून लिहून घेतली होती. मग जीव अडकणारच ना. नवी शाळा चार किलोमीटरवर, मधे एबी रोड, म्हणजे आग्रा-मुंबई हायवे, ट्रॉले सुसाट जातात. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, केंद्राच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं आहे, त्यामुळे त्यांची मागणी रास्तच आहे.

मुलगा माझ्याशी बोलेना. चित्र काढायला त्यानं स्वतःचीच वही काढली, तर मागच्या पानावर नुसते आकडे, 18, 17, 19, 16. हे काय रे? म्हणे, प्रार्थनेला सगळे उभे राहतात तेव्हा मी मोजतो. 16 खाली पेन्सिलनं इतक्यांदा रेघ ओढलेली की कागद फाटायला आलेला. "त्या दिवशी मला ताप होता पण आईला नाही सांगितलं, मी गेलो नसतो तर 15 झाले असते."

रात्रीच्या मीटिंगमध्ये "पोरं कमी म्हणून शाळा बंद करतायत" हे तो पांघरुणातून ऐकत होता, आणि शाळा आपल्या अंगावर आहे असं त्यानं धरून घेतलं होतं.

मी वडिलांना म्हटलं, हे मी नको सांगायला, तुम्हीच सांगा. त्यांनी तिथेच त्याला मांडीवर घेऊन सांगितलं की बाळा, सरकार यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीत, लिहिलेला पट बघतं, एका दिवसाची हजेरी नाही, आपला पट 19 आहे, तू तापात घरी झोपलास तरी 19च राहतो, आणि तो सांभाळायचं काम माझं. वडिलांचे डोळे भरले होते. मीटिंग पंचायतीच्या ओट्यावर न्यायची आणि पोराला मोर्च्यात फलक धरून पुढे उभं करायचं नाही, एवढं त्यांनी कबूल केलं.

आई नंतर एकटी बसली. तिला मुलाला महूच्या प्रायव्हेट शाळेत घालायचं होतं, "पण अध्यक्षाचंच पोर काढलं तर गाव काय म्हणेल, ह्यांनी तोंड कुठे लपवायचं?" मी तिला स्पष्ट म्हटलं की शिकवणं होत नसेल तर खुशाल काढ, ती गद्दारी नाही, पण फक्त ह्या ताणापायी काढत असशील तर थोडं थांब, कारण आत्ता काढलंस तर तो हेच समजेल की माझ्यामुळे 18 झाले. आणि ती स्वतः मीटिंगला फक्त चहा द्यायला जात होती! कायद्यानं शाळा समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका हव्यात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या जनसुनवाईत एबी रोडचा मुद्दा तिनंच मांडला.

शाळेचा निर्णय अजून लागलेला नाही. मागच्या सोमवारी तिचा फोन आला, मुलाला सर्दी-ताप आहे, सकाळी स्वतःच म्हणाला आई मला बरं नाही, आणि परत झोपला.