त्या चार सेकंदांबद्दल

प्रिय बाळा,

तुझ्या डेमोची, म्हणजे यंत्राची करामत दाखवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची, फाइल मिळाली. दोन रात्री व्हाइस एम्युलेटरवर, म्हणजे कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, पाहिली. काल कपाटातला कमोडोर ६४ टेबलावर काढला आणि एसडी कार्डवरून त्यावरही चालवली. सात भाग, ३८ हजार बाइट, फिरणारा घन, सरकता मजकूर, शनिवारवाड्याचं छायाचित्र, शेवटी आभार. बारावीच्या वर्षात हे सगळं केलंस, याचं मला फार कौतुक आहे.

स्पर्धेला पाठवण्याइतकं झालंय का, असं तू विचारलं आहेस. अजून नाही. पण पाचव्या भागात स्क्रीनच्या कडेला रंगीत पट्ट्या झुलतात ना, ते चार सेकंद मी पाच-सहा वेळा मागे नेऊन पाहिले. हे पत्र त्या चार सेकंदांसाठी आहे. बाकीचं सगळं काढून टाक, असं मी सांगणार आहे. वाईट वाटेल, तरी शेवटपर्यंत वाच.

शनिवारवाड्याचं छायाचित्र कोणत्याही यंत्रावर दिसतं. ते एका प्रोग्रॅमने १६ रंगांत बसवून दिलं आणि तू ते दाखवलंस. पट्ट्यांचं तसं नाही. स्क्रीनवर चित्र रेखाटणारा झोत एकेक ओळ खाली उतरत असताना तू त्याच्या बरोबरीने पळत होतीस आणि तो कडेला पोहोचला की रंग बदलत होतीस. कमोडोर ६४ च्या कागदोपत्री क्षमतेत हे कुठेही लिहिलेलं नाही. कडेला एकच रंग असतो, पोक ५३२८० करून (मेमरीच्या त्या पत्त्यावर आकडा लिहून) बदलायचा, एवढंच पुस्तिका सांगते. एका स्क्रीनवर अनेक रंग दिसले ते वेळ साधल्यामुळे. डेमो म्हणतात ते याला. त्या विशिष्ट यंत्राचा स्वभाव ओळखून त्याच्याकडून काढून घेतलेली गोष्ट.

ही कला कुठून आली हे तुला माहीत असावं. १९८० च्या दशकात युरोपात मुलं गेमचं कॉपी-संरक्षण तोडून कॅसेटी आणि डिस्का वाटत. तोडणाऱ्या गटाचं नाव मिरवायला गेमच्या आधी एक छोटा इंट्रो जोडलेला असे: नाव, संगीत, मित्रगटांना नमस्कार. ते काम बेकायदा होतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण हळूहळू त्या इंट्रोंचीच चढाओढ लागली. गेम मागे पडला, इंट्रो उरला. मग मुलं आपापली यंत्रं घेऊन एका हॉलमध्ये जमू लागली. फिनलंडमध्ये असेंब्ली नावाचा असा मेळावा १९९२ साली सुरू झाला. जर्मनीत सारब्रुकेनला २०११ पासून ईस्टरच्या सुट्टीत रिव्हिजन ही डेमोंची स्पर्धा भरते. फिनलंडने २०२० मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये डेमोसीनला, म्हणजे डेमो करणाऱ्यांच्या या जगाला, आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतलं.

मी या जगात फार उशिरा आले. आमच्या शाळेत केंद्र सरकारच्या १९८४ च्या क्लास या शाळांत संगणक आणणाऱ्या योजनेतून बीबीसी मायक्रो संगणक आले होते. एका यंत्रासमोर आम्ही चौघी बसायचो, आठवड्यातून एक तास. माझ्या वाट्याला कीबोर्ड पंधरा मिनिटं यायचा. आठवडाभर वहीत प्रोग्रॅम लिहून, खोडून, पुन्हा लिहून मी त्या पंधरा मिनिटांची वाट पाहायची. नंतर नोकरीसाठी जर्मनीत आले आणि एका सहकाऱ्याबरोबर सारब्रुकेनच्या त्या हॉलमध्ये गेले. दिवे गेले, मोठ्या पडद्यावर एका जुन्या यंत्राचं चित्र आलं आणि शेकडो माणसं एकदम ओरडली. चित्र सुंदर होतं म्हणून नव्हे. ते त्या यंत्रावर शक्य नाही हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं म्हणून. इतका जाणता प्रेक्षक मी फक्त गाण्याच्या मैफिलीत पाहिला आहे, जिथे समेवर सगळ्यांच्या माना एकदम हलतात.

२०१५ च्या रिव्हिजनमध्ये '८०८८ एमपीएच' नावाचा डेमो जुन्या यंत्रांच्या गटात पहिला आला. यंत्र होतं १९८१ चा आयबीएम पीसी, ४.७७ मेगाहर्ट्झचा. त्याचं चित्र दाखवणारं सीजीए कार्ड ग्राफिक्सच्या नेहमीच्या मोडमध्ये एका वेळी चार रंग दाखवतं. या मंडळींनी टीव्हीकडे जाणाऱ्या काँपोझिट सिग्नलच्या खोडीचा उपयोग करून १,०२४ रंग दाखवले. आणि नंतर हे कसं केलं ते सविस्तर लिहून सगळ्यांसाठी खुलं केलं. ते लिखाण शोधून वाच, डेमो पाहण्याच्या आधी नाही, नंतर.

आता तुझ्याकडे. एवढे सात भाग करण्यापेक्षा अख्खा डेमो २५६ बाइटांत बसवायच्या गटात उतर. लव्हबाइट ही स्पर्धा २०२१ पासून ऑनलाइन भरते, तिथे असे छोटे-छोटे गट असतात. घरबसल्या प्रवेशिका पाठवता येते, विमानाचं तिकीट लागत नाही. २५६ बाइट म्हणजे किती? संगणकात मजकूर साठवायच्या युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हं. या पत्रातली मोठी वाक्यंसुद्धा त्यात मावणार नाहीत. तुझा मात्र अख्खा डेमो मावला पाहिजे.

घाबरू नकोस, गणित मांडू. फाइलच्या सुरुवातीला लोड पत्त्याचे (फाइल मेमरीत कुठे ठेवायची त्याचे) दोन बाइट, मग रन म्हटल्यावर तुझा कोड सुरू करून देणारी बेसिकची ओळ, १२ बाइट. हे १४ गेले, उरले २४२. त्यात बसायचं तर काय लिहायचं यापेक्षा काय न लिहिता चालेल हे शोधावं लागतं. कमोडोरवरची ती प्रसिद्ध एका ओळीची चक्रव्यूहाची करामत तू पाहिली असशीलच: २०५.५ मध्ये शून्य ते एकमधली यादृच्छिक संख्या मिळवायची आणि त्या क्रमांकाचं अक्षर छापत राहायचं. अपूर्णांक आपोआप गळतो, कधी २०५ उरतात कधी २०६, म्हणजे कधी एक तिरकी रेघ, कधी दुसरी. 'जर-तर' लिहावंच लागत नाही, त्या अर्ध्याने ते काम केलं. असे अर्धे शोधायचे.

तुझ्या पट्ट्यांमध्ये एक दोष आहे, तो तुलाही दिसला असणार. दर आठव्या ओळीला पट्टी तुटून बाजूला सरकते. तू वाट पाहण्याचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा कोडचा तुकडा, कमी-जास्त करून ते झाकायचा प्रयत्न केला आहेस. झाकून जाणार नाही, कारण चूक तुझी नाही. पाल यंत्रावर, म्हणजे युरोपातल्या टीव्ही पद्धतीच्या यंत्रावर, प्रत्येक ओळीला क्लॉकचे ६३ ठोके मिळतात, पण अक्षरांच्या प्रत्येक रांगेच्या सुरुवातीला चित्र तयार करणारी व्हिक चिप त्या रांगेची ४० अक्षरं वाचायला मेमरी आपल्याकडे घेते आणि प्रोसेसरला ४० ते ४३ ठोके थांबवून ठेवते. यालाच बॅड लाइन म्हणतात. अशा २५ ओळी. म्हणून तुझं मोजमाप बिघडतं.

इथे दोन वाटा आहेत. एक, बॅड लाइनसाठी वेगळा हिशेब ठेवायचा. मोठ्या डेमोत तेच करतात, पण त्याला बाइट लागतात. दुसरी वाट मला जास्त आवडते. पोक ५३२६५,११ करून स्क्रीनच बंद कर. वरून खालपर्यंत सगळीकडे कडेचाच रंग पसरतो आणि पुढच्या फ्रेमपासून (झोताच्या वरून खालच्या पुढच्या फेरीपासून) एकही बॅड लाइन येत नाही. अक्षरं गेली, छायाचित्र गेलं. त्या बदल्यात संपूर्ण स्क्रीन तुझी कड झाली आणि प्रत्येक ओळीचे ६३ च्या ६३ ठोके तुझे झाले. एका ठोक्यात झोत आठ पिक्सेल पुढे जातो. रंग लिहिण्याच्या आज्ञेला चार ठोके लागतात, म्हणजे ३२ पिक्सेल. तुझी कुंचल्याची रुंदी ठरली.

पुढचं नीट वाच, यासाठीच मी काल रात्री एक वाजेपर्यंत जागी होते. तू इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला मध्येच थांबवून दुसऱ्या कामाला लावणारा इशारा, वापरला आहेस, म्हणून पट्ट्यांची टोकं थरथरतात. इंटरप्ट आला तरी प्रोसेसर हातातली आज्ञा पूर्ण करूनच वळतो आणि ती कधी दोन ठोक्यांची असते, कधी सात. तुला इंटरप्ट नकोच आहे. सुरुवातीलाच ते बंद कर, नाहीतर यंत्राचा स्वतःचा इंटरप्ट सेकंदाला साठ वेळा मध्ये येईल. मग बरोबर ६३ ठोक्यांचा एक लूप लिही आणि तो अखंड चालू दे. फ्रेममध्ये ३१२ ओळी, ओळीला ६३ ठोके, एकूण १९,६५६. तुझा लूप एका फ्रेममध्ये बरोबर ३१२ वेळा फिरतो आणि पुन्हा त्याच जागी येतो. झोत कुठे आहे हे विचारायचीही गरज नाही. ताल पक्का असलेल्या गवयाला मात्रा बोटांवर मोजाव्या लागत नाहीत, तसंच.

आता त्या लूपमध्ये एक्स रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधला एक छोटा आकड्याचा कप्पा, दर ओळीला एकाने वाढव. ते आठ बिटांचं आहे, २५५ नंतर शून्यावर येतं. फ्रेम मात्र ३१२ ओळींची. ३१२ मधून २५६ गेले की उरतात ५६. म्हणजे पुढच्या फ्रेमला तुझी मोजणी ५६ ने पुढे सुरू होते. तुझी रंगमाला दर ६४ ओळींनी पुन्हा येत असेल, तर ५६ पुढे म्हणजेच ८ मागे, आणि चित्र दर फ्रेमला आठ ओळी खाली वाहत जाईल. हालचालीसाठी तू एक बाइटही खर्च केला नाहीस. ती त्या दोन आकड्यांच्या फरकात होती. मला हे सापडलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत चकरा मारल्या.

माझी वाट जशीच्या तशी घेऊ नकोस. ६४ च्या जागी दुसरी पुनरावृत्ती घेऊन काय होतं ते कागदावर आधी काढ. कागदावर काढ म्हणते ते मुद्दाम. पाचव्या भागाचा कोड तू एआयकडून लिहून घेतलास हे तू प्रामाणिकपणे सांगितलंस, त्याबद्दल मी रागावलेले नाही. पण कोणत्या आज्ञेला किती ठोके लागतात हे तुला विचारलं तर सांगता आलं पाहिजे. नाही आलं, तर ते चार सेकंद अजून तुझे झालेले नाहीत.

दिवाळीत अंगणात किल्ला करताना शेजारच्या वाड्यातली मुलं बुरूज आणि तट बघून परत जायची आणि रात्रीत आपला किल्ला सुधारायची, तसंच इथे चालतं. कोणाची युक्ती घेतलीस तर नाव घे. चित्र, संगीत, पॅकर (फाइल आवळून लहान करणारा प्रोग्रॅम), जे जे दुसऱ्याचं आहे ते सोबतच्या मजकुरात लिही. या लोकांना सगळं आठवतं, उसनवारी चालते, लपवाछपवी चालत नाही. बहुतेक ठिकाणी परीक्षक नसतात, जमलेले लोकच मतं देतात. बक्षिसाची रक्कम विचारू नकोस. खऱ्या नावाऐवजी एक हँडल, म्हणजे टोपणनाव, घे, देवनागरीतून आलेलं असलं तरी चालेल. यंत्र पाल आहे हे ठळक लिही. अमेरिकन यंत्रात ओळीला ६५ ठोके आणि फ्रेमला २६३ ओळी असतात, तिथे तुझं चित्र विस्कटेल. तारीख संपायच्या दोन दिवस आधी फाइल चढव. संगीत या वेळी सोडून दे.

तू म्हणशील, सात भागांचं काय? ते ठेव. पुसू नकोस. तो घन फिरवताना तू साइनचं टेबल बनवायला शिकलीस, ते पुढच्या वर्षी लागेल.

एवढं वाचून झालं की पहिलं काम हे कर. रंगमाला मुद्दाम आठ ओळींची ठेव. ५६ ला आठने भाग जातो, म्हणून चित्र अजिबात हलता कामा नये. आडव्या पट्ट्या स्थिर उभ्या राहिल्या तर तुझा लूप बरोबर ६३ चा आहे. कडा तिरक्या जाऊ लागल्या, तर एखादा ठोका कमी-जास्त झालाय. तेव्हा आधी लूपच्या शेवटची उडी तपास. उडी मेमरीच्या २५६ बाइटच्या पानाची हद्द ओलांडत असेल तर प्रोसेसर एक ठोका जास्त घेतो. तुझा कोड २०६१ पासून सुरू होतो आणि २४२ बाइटांत राहिला तर २३०२ ला संपतो, पान बदलतं २३०४ ला. म्हणजे उड्या सगळ्या एकाच पानात राहतील. रंगांचं टेबल मात्र शेवटी ठेवलंस आणि एक्स वाढत गेला, तर ते हद्द ओलांडेल. ते कुठे ठेवायचं हे तू ठरव, आणि ठेवलंस की मला नुसता आकडा कळव, किती बाइट झाले.

तुझी,
मावशी