मोटारीला सम कुठली?

प्रश्न : आम्ही चौघांनी जातं, संबळ, पेटी आणि विहिरीवरची मोटार अशी वीस मिनिटांची एक रचना बसवली होती. लिहिलेलं काही नव्हतं, ऐनवेळी सुचेल तसं वाजवायचो. आता दोघं नोकरीला पुण्याला गेले. मोबाइलवर एक रेकॉर्डिंग तेवढं उरलंय. नव्या मुलांना ही रचना द्यायची आहे. भातखंडे पद्धतीने लिहू का? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : पेटीपुरतं खुशाल लिहा. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) फुली. बांधलेल्या सुरांना ही पद्धत झकास. पण मोटारीला सम कुठली?

मी धुळ्यात पेटी शिकवतो. एकदा आईच्या जात्यावरच्या ओव्या अशाच तंतोतंत लिहिल्या आणि तिलाच वाजवून दाखवल्या. म्हणाली, "हाई कोनं गानं शे?" सूर सगळे बरोबर होते. जातं ओढताना तिचा दम जिथे तुटायचा, ते मी चूक समजून गाळलं होतं.

म्हणून आधी कोण कोणासाठी थांबतं ते टिपा. रिकामं जातं खडखडतं; मूठभर ज्वारी पडली की आवाज खाली बसतो. तुमचा संबळवाला बहुधा तिथेच शिरत असणार. मग 'चौथ्या मिनिटाला संबळ' असं लिहू नका. 'ज्वारी टाका, आवाज जड झाला की संबळ' असं लिहा. आलेखाच्या कागदावर दहा सेकंदांना एक चौकट धरा, १२० चौकटींत सगळं बसेल. मोटारीला एक लांब रेघ, संबळाच्या दोन तोंडांना दोन ओळी.

इंग्लंडच्या कॉर्नेलियस कार्ड्यूने १९६३ ते १९६७ या काळात 'ट्रीटाइज' नावाची १९३ पानांची रचना केली. नुसत्या रेघा, वर्तुळं, आकडे. कशी वाजवायची ते त्यात कुठेच नाही, वाजवणाऱ्यांनी आपसांत ठरवायचं. तुम्ही एवढं मोकळं सोडू नका. तुमच्याकडे जातं आहे, त्याला त्याची चाल आहे.

कागद झाला की मुलांच्या हातात द्या, रेकॉर्डिंग महिनाभर लपवा. आधी ऐकवलंत तर नक्कल करतील. मोटारीऐवजी त्यांनी पिठाची गिरणी आणली तर आणू द्या.

बाकी, वाजवता वाजवता लाइट गेली की तुम्ही काय करायचात, ते पत्रात लिहिलेलं नाही. तेही कागदावर हवं.