इतके निर्बंध असूनही रशियाचं तेल विकलं जातंच, मग निर्बंधांचा उपयोग काय?

निर्बंध तेल थांबवण्यासाठी आहेत, हे तुम्ही गृहीतच धरलंय. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया गिळला तेव्हा युरोपने खोल समुद्रातल्या आणि आर्क्टिकमधल्या तेलशोधाची यंत्रसामग्री देणं बंद केलं, गॅसला मात्र हात लावला नाही. उलट पुढच्याच वर्षी युरोपीय कंपन्यांनी रशियाचा गॅस जर्मनीत आणणाऱ्या नॉर्ड स्ट्रीम-२ पाइपलाइनचा करार केला. त्याला मी तरी निर्बंध म्हणत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये जी-७ या श्रीमंत देशांच्या गटाने पिंपाला ६० डॉलरची मर्यादा घातली, तीही तेल वाहत राहावं पण रशियाच्या हाती पैसा कमी पडावा म्हणून. त्याहून महाग तेल नेलंत तर पाश्चात्त्य विमा नाही.

मी टँकरवरून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे या विम्याच्या कलमावर मला बोलायचंय.

२०२३ मध्ये साडूंच्या मुलाला फोर्थ इंजिनिअरची ऑफर आली. पगार बाजारभावाच्या दीडपट. एजंट जहाजाचं नाव सांगायला टाळाटाळ करत होता, तिथेच मला वास आला. मुलाने कुठून तरी फोटो मिळवला. मागच्या बाजूला नवाकोरा रंग, पण त्याखाली वेल्डिंगने काढलेली जुन्या नावाची अक्षरं सरळ वाचता येत होती. नाव बदलतं, झेंडा बदलतो, पण जहाजाला जन्मभरासाठी मिळालेला ओळख क्रमांक, म्हणजे आयएमओ नंबर, बदलत नाही. त्यावरून शोधलं तर वय विशीच्या पुढे, जहाजं तपासणाऱ्या नामांकित सोसायटीने क्लास, म्हणजे सुस्थितीचा दाखला, काढून घेतलेला, आणि विमा कंपनी अशी की उभ्या नोकरीत नाव ऐकलेलं नाही. मी म्हटलं, नको पाठवू.

साडू म्हणाले, "तुम्ही कायम गोऱ्यांचीच री ओढता. आपलं सरकार घेतंय ना रशियाचं तेल?"

मुलगा गेला. करार पुरा करून, सगळा पगार घेऊन धडधाकट परत आला. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक कार्यात मला ते ऐकवलं जातं.

ऐकतो. पण त्याच वर्षी मे महिन्यात मलेशियाजवळ 'पाब्लो' टँकरचा स्फोट झाला. बांधणी १९९७ ची, झेंडा गॅबॉनचा, धंदा इराणी तेलाचा, म्हणजे निर्बंध चुकवणाऱ्या जहाजांची जात तीच. २८ जणांपैकी तिघे सापडले नाहीत. सांगाडा महिनोन्‌महिने तिथेच पडून, कारण उचलायचा खर्च द्यायला कोणी पुढे येईना.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. २०२३ च्या सुरुवातीला रशियाचं उरल्स जातीचं तेल ब्रेंटपेक्षा, म्हणजे जागतिक भाव ज्यावरून ठरतो त्या तेलापेक्षा, पिंपामागे तीसेक डॉलरने स्वस्त जात होतं. म्हणजे चिमटा बसला होता. युक्रेन युद्धाआधी आपल्या तेल आयातीत दोन टक्क्यांहून कमी असलेलं हे तेल एक तृतीयांशावर गेलं ते त्याच सवलतीमुळे. मग रशियाने पाश्चात्त्य विम्याशिवाय चालणारी असली म्हातारी जहाजं गोळा केली आणि सवलत आटत गेली. फायदा रिफायनऱ्यांचा आणि दलालांचा, धोका इंजिन रूममधल्या पोरांचा.

भारत फक्त संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध मानतो, त्यामुळे तेल घेण्यात बेकायदा काही नाही, हेही खरं. आणि जुनं जहाज म्हणजे वाईटच असं नाही, मी स्वतः एका जुनाट टँकरवर उत्तम दिवस काढलेत.

तुमच्या घरातलं कोणी निघालं असेल तर सहीआधी आयएमओ नंबर मागा आणि इक्वासिस या जहाजांची माहिती देणाऱ्या वेबसाइटवर फुकटात बघा. पी अँड आय विम्याचा, म्हणजे खलाशांची इजा, तेलगळती असल्या नुकसानीची भरपाई देणाऱ्या विम्याचा, कागद मागा. एजंट चिडला तर उत्तर मिळालं. आणि साडूभाऊ, तुम्ही इथे वाचता हे मला माहीत आहे: पोरगा परत आला म्हणून जहाजाचा विमा खरा होत नाही.