पावसात पुढचा ब्रेक सोडायचा नाही

प्रश्न : मी जुळे सोलापुरात राहतो, वय बावीस. ट्रेनिंग करून बाईकच्या शर्यतीचं लायसन्स काढलंय. ऑक्टोबरात चेन्नईच्या ट्रॅकवर नवशिक्यांच्या गटात पळायचंय. सरावाला गेलो तेव्हा नेमका पाऊस आला आणि भीतीनं मी सगळ्यांच्या मागे राहिलो. मित्र म्हणतात, टायरमधली हवा कमी कर आणि नुसता मागचा ब्रेक मार. शर्यतीत पाऊस आला तर काय करू? नाव मागे घेऊ का?

उत्तर : नाव कशाला मागे घेतोस? ऑक्टोबरात चेन्नई म्हटल्यावर पाऊस धरूनच चालायचं. आपला पाऊस परतीला लागला की तिकडचा सुरू होतो, तो डिसेंबरपर्यंत. आणि भिऊन मागे राहिलास ते बरंच केलंस. पहिल्या ओल्या लॅपमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या फेरीत, ज्याला भीती वाटत नाही, तो पोरगा मला तरी बहुतेक वेळा मातीत बसलेलाच दिसतो.

आता मित्रांचं. दोन्ही सल्ले कट्ट्यावरचे आहेत. कोरड्या ट्रॅकवर टायर तापतो, तापला की आतली हवा वाढते, म्हणून थंड टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवतात. पावसात टायर तेवढा तापतच नाही. त्यात तू आणखी हवा सोडलीस तर टायर चपटा बसतो, खाचा मिटतात आणि पाणी बाहेर फेकायचं काम तिथंच थांबतं. तुमच्या गटात नक्षीचेच टायर असतील तर टायर कंपनीच्या माणसाला विचारून प्रेशर ठेव आणि हवा मोजायचा गेज स्वतःचा ने.

मागचा ब्रेक. गाडी थांबवताना वजन पुढे येतं, ओल्यातही येतं, फक्त कोरड्यापेक्षा कमी. म्हणून मागच्याचा वाटा थोडा वाढतो, इतकंच. मुख्य काम पुढचाच करतो. नुसता मागचा दाबलास तर चाक लॉक होऊन शेपूट बाजूला जाणार. पुढच्याला पावसात हात कसा लावायचा ते घरात आईला भाकरी थापताना बघ. पहिला हात हलका, भाकरी पसरत जाईल तसा दाब. लिव्हरला दोन बोटं टेकव, पुढचं सस्पेन्शन खाली बसल्याचं मनगटात कळू दे, मग जोर वाढव. हे दोन्ही पाव सेकंदात होतं, पण एका झटक्यात नाही. वळणात झुकायच्या आत ब्रेक सुटत आलेला हवा.

थ्रॉटलही तसाच. पावसात गाडी पडते ती पाण्यानं कमी आणि हाताच्या झटक्यानं जास्त. वळणातून बाहेर पडताना कोरड्यात तिसऱ्यात असतोस तिथं चौथ्यात राहा. गाडी थोडी रेंगाळेल, रेंगाळू दे, मागचं चाक एकदम सटकणार नाही. गिअर खाली टाकताना क्लच हळू सोड. गाडी कमी झुकव, स्वतः आतल्या बाजूला जास्त सरक.

ट्रॅकवरची ओळ बदलावी लागते, हे नव्या पोरांना कुणी सांगत नाही. कोरड्या ट्रॅकवर सगळे ज्या रेषेवरून जातात तिथं रबर बसून डांबर गुळगुळीत झालेलं असतं. पाणी पडलं की तीच जागा काचेसारखी. तिच्या बाजूचं खरखरीत डांबर शोध. वळणाच्या कडेचे रंगवलेले कर्ब आणि पांढऱ्या पट्ट्या यांच्यावर झुकलेल्या गाडीनं जायचं नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा तो ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आहे, म्हणजे एका वळणावर पाऊस आणि दुसरीकडे कोरडं, असंही होतं. शर्यतीआधीची वॉर्म-अप लॅप टाईमपास करायला नसते. पाणी कुठं साचलंय ते तेव्हाच टिपून ठेव. पांढऱ्या झेंड्यावर तिरकी लाल फुली दिसली तर त्या टप्प्यात थेंब सुरू झालेत. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा झेंडा म्हणजे तेल किंवा दुसरं काही सांडलंय. आणि पुढच्या गाडीच्या ठीक मागे चिकटू नको, तिच्या फवाऱ्यात काही दिसत नाही. अर्धी गाडी बाजूला राहा.

सराव सप्टेंबरात इथंच होतो, आपल्याकडे खरा पाऊस तेव्हाच असतो. ओळखीच्या गोदामाचं कुंपण घातलेलं काँक्रीटचं आवार परवानगीनं मिळव, पूर्ण सूट घाल आणि वीस-तीसच्या वेगात नुसता ब्रेकचा हात घोटव. रस्त्यावर नाही. शेतातल्या ट्रॅक्टरनं आणलेला चिखल डांबरावर असतो, तो तुला काहीच शिकवणार नाही, आडवा मात्र करेल.

जाताना बॅगेत आपले सोलापुरी टॉवेल चार-पाच कोंब. पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करतात तिथं, चिखल तुडवून आलेले बूट तसेच फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीवर, ठेवले की पाय सटकतो. गाडीवर बसल्यावर बुटांचे तळवे कोरडे करून घ्यायचे, आधी एक, मग दुसरा. मदतीला आणलेल्या मित्राला एवढं काम दे.

प्रश्न : हेल्मेटची काच पावसात आतून धुरकटते. शर्यतीत हात कसा लावायचा? (बार्शी)

उत्तर : आत हात लावायचाच नाही. गरम श्वास थंड काचेवर बसतो, म्हणून आतून दुसरी पातळ काच बसवायची, पिनलॉक म्हणतात तिला. सोबत नाकावरचं ब्रेथ गार्ड. सुटण्याची वाट बघत उभे असाल तेव्हा काच एक खटका उघडी ठेवा. बाहेरचं पाणी डाव्या ग्लोव्हनं पुसायचं आणि तेही सरळ रस्त्यावर. उजवा हात थ्रॉटलचा.

प्रश्न : मोहोळकडे आमचं शेत आहे. तिथंच पावसात ट्रॅक आखून सराव केला तर?

उत्तर : काळं रान असेल तर विसरा. चिखल चाक आणि मडगार्डच्या मध्ये असा गच्च भरतो की चाक फिरायचं थांबतं, मग काठीनं खरवडत बसा. मुरमाड माळ असेल तर गोष्ट वेगळी, पण तो डर्टचा सराव झाला. डांबरावरचा हात त्यातून येत नाही.

प्रश्न : मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. रात्री मित्रांबरोबर विजापूर रोडला शर्यती लावतो असं कळलं. आता म्हणतो, खऱ्या ट्रॅकवर पाठव. आगीतून फुफाट्यात तर नाही ना पडणार? (एक आई, सोलापूर)

उत्तर : ताई, फुफाटा तो विजापूर रोड आहे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही. तो भाग सोडा, समोरून ट्रक येतो ही खरी भीती. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेनं जातात, वळणावर मार्शल उभा असतो, अॅम्ब्युलन्स तयार असते, पडला तर घसरत जायला मोकळी जागा असते. तरी हाड मोडतं, खांद्याचं तर हमखास. खोटं कशाला सांगू?

खर्चाचं म्हणाल तर आधी नुसत्या ट्रेनिंगचे पैसे द्या, गाडीचे नाही. काही कंपन्या आपल्याच गाड्या देऊन शर्यत घेतात, तिथं निवड झाली तर गाडी विकत घ्यावी लागत नाही. लायसन्स एफएमएससीआयचंच हवं. देशातला मोटारस्पोर्ट तीच संस्था बघते, १९७१ पासून. आपल्याकडून मुंबई-चेन्नई रेल्वे जातेच, पहिल्या वेळी घरचं कुणीतरी बरोबर जा. सराव झाला की लॅपच्या वेळा लिहिलेला कागद निघतो. रात्रीचे बरेच हिरो आपलं नाव त्यात शेवटून शोधतात आणि मग मुकाट्यानं शिकायला लागतात. तोवर गाडीची चावी रात्री तुमच्या कपाटात राहू द्या.